डोअरबेल कॅमेरा चांगलाय, सोबतचं ॲप म्हणजे डोक्याला ताप

आमच्या एडिसन साइडला, न्यू जर्सीत, देशी घरात सोनं असतंच हे चोरांनाही पाठ झालंय, ठरवून घरफोड्या करतात, म्हणून बायकोने धोशा लावला आणि शेवटी बॅटरीवाला डोअरबेल कॅमेरा घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही.

कॅमेऱ्याला चार स्टार. रात्रीसुद्धा चेहरा नीट दिसतो, पार्सल कोण ठेवून गेलं ते कळतं. थंडीत बॅटरी भराभर उतरते, खार पळाली तरी फोन वाजतो आणि जुनं रेकॉर्डिंग बघायचं तर दर महिन्याला पैसे मोजा. चालतं.

खरी भानगड ॲपमधल्या शेजाऱ्यांच्या फीडची. लोक आपापल्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ त्यात टाकतात. परवाची क्लिप सांगतो, एक काळा पोरगा, हातात जेवणाची पिशवी, फोन बघतो, घराचा नंबर बघतो, परत फोन बघतो आणि वळून शेजारच्या दारात जातो. वर लिहिलंय 'सस्पिशस पर्सन'! अहो डिलिव्हरीवाला आहे तो, पत्ता शोधतोय. खाली नुसती जुंपलेली, कोणी म्हणतं 2017 पासून राज्यात कॅश बेल, म्हणजे पैसे भरून मिळणारा जामीन, जवळपास बंद केला ना, भोगा आता, कोणी म्हणतं 2020 मध्ये पोलिसाच्या हातून मेलेल्या त्या काळ्या जॉर्ज फ्लॉइडनंतर पोलिसांचे हात बांधले, आणि यात आपली देशी मंडळी सगळ्यात पुढे.

गुन्हे होतच नाहीत असं नाही म्हणत मी. 2020 मध्ये अमेरिकेत खून एका वर्षात जवळजवळ 30 टक्क्यांनी वाढले होते, तेव्हा लोक घाबरले त्यात नवल नाही. पण 2023 मध्ये तेच खून 10 टक्क्यांहून जास्त कमी झाले आणि त्याच वर्षी गॅलप या सर्वे कंपनीच्या पाहणीत 77 टक्के लोक म्हणाले की देशात गुन्हे वाढलेत! फोन दिवसभर टिंग टिंग करून दारात कोणीतरी आहे सांगत राहिला तर दुसरं काय होणार.

आणि या फीडमधे आपण नक्की कुठल्या बाजूला आहोत असं वाटतं लोकांना? 2015 ला अलाबामातल्या मॅडिसनमधे गुजरातहून मुलाकडे आलेले एक आजोबा सकाळी फिरत होते, कोणीतरी पोलिसांना फोन केला की एक काळा माणूस हिंडतोय, पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मानेला मार बसून अंग लुळं पडलं. तो पोलीस सुटला, शहराशी भरपाईचा दावा 17.5 लाख डॉलरवर मिटला, तोही 2021 मधे. आमचे बाबा एप्रिलमधे इथे आले की कानटोपी घालून निघतात आणि लोकांच्या अंगणातली ट्युलिप वाकून वाकून बघतात. आता बोला.

नेक्स्टडोअर या शेजाऱ्यांच्या ॲपवर अशा वंशावरून संशय घेणाऱ्या पोस्ट येतात म्हणून कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या लोकांनी बोंब मारली, तेव्हा 2016 ला कंपनीने पोस्टचा फॉर्म बदलला, नुसता वंश लिहून भागेना, कपडे, केस, बूट असलं काहीतरी सांगावं लागू लागलं. आमच्या ॲपमधे तसलं काही नाही, भीती वाटली की टाका पोस्ट. ॲपला एक स्टार, तोही लाइव्ह व्ह्यू पटकन उघडतो म्हणून.

घेणार असाल तर आधी फीडचं नोटिफिकेशन बंद करा, मोशन झोन, म्हणजे कॅमेरा हालचाल टिपतो तो भाग, आपल्या पायऱ्यांपुरता ठेवा, फूटपाथ त्यातून काढा, निम्मे अलर्ट तिथेच संपतात. आणि जुन्या बेलची वायर असेल तर वायरवालाच घ्या, जानेवारीत कुडकुडत बॅटरी काढायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.