काळी एकचा तबला मागवला, आला पांढरी एकचा

तबला-डग्ग्याचा जोड हाताने वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नये, असं आमचे मास्तर सांगायचे. मी घरबसल्या मागवला. आमच्या भजनी मंडळाची पट्टी, म्हणजे गायचा मूळ सूर, काळी एक, पेटीवरची पहिली काळी; जाहिरातीतही काळी एकच लिहिलेलं, तोंड सव्वापाच इंच. म्हटलं, झालं काम.

खोका उघडला, पेटीवर काळी एक धरली आणि ‘ना’ वाजवला. निघाला पांढरी एक, अर्धा सूर खाली. प्रवासात तबला उतरतो, त्याचं काही नाही. वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे खाली सरकवले, हातोडी घेतली आणि गजरा, म्हणजे तोंडाभोवतीची चामड्याची वेणी, ठोकत तिच्यावरची सोळाही घरं फिरलो. चौदा मिळाली. समोरासमोरची दोन काही ऐकेनात. एक चढवलं की दुसरं बिघडायचं. तासाभराने कसाबसा सूर लागला, तर चाट, म्हणजे तोंडाच्या कडेची पट्टी, इतकी ताठ झालेली की ‘ना’ म्हणजे पाटावर मारलेली टिचकी. ‘तिं’ला आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, नावालाही नाही. मग खिडकीशी नेऊन नीट पाहिलं. शाईचा काळा गोल मधोमध नव्हताच! चाट आणि शाई यांच्यामधली मोकळी जागा म्हणजे लव; ती एका बाजूला बोटभर, दुसऱ्या बाजूला जेमतेम करंगळीच्या नखाएवढी. अशा पुडीवर, म्हणजे तोंडावरच्या चामड्यावर, सोळा घरं एका सुरात येणार कशी?

विक्रेत्याला फोन केला. म्हटलं, "अहो, लव सगळीकडे सारखी नाही."

"नाही सर, आमचं चामडं एकदम साफ असतं. लव राहूच देत नाही."

यावर काय बोलणार! फोन ठेवला.

डग्ग्याबद्दल मात्र तक्रार नाही. पितळी आहे, वजनदार आहे, घुमारा भरपूर. मनगट जरा दाबून पुढे सरकवलं की ‘घे’ छान वळतो. तबल्याचं खोडही शिसवी, कुठे चीर नाही, म्हणून तर परत पाठवला नाही. चुंबळी ठीक. सोबतच्या हातोडीचा दांडा दुसऱ्या दिवशी निघाला, ती धरू नका.

पाचपैकी तीन तारे, त्यातले अडीच डग्ग्याचे.

खोड घेऊन शेवटी आमच्या नेहमीच्या कारागिराकडे गेलो, नवी पुडी चढवायला. त्याने जुनी पुडी बोटाने चाचपली आणि पैशांचं बोलायच्या आधी विचारलं, "भजनालाच ना? मग चाट केवढी ठेवू?"