चाळीस मीटरवर एएम: आठ महिन्यांनंतर

परवा माझ्या हॅम रेडिओचा (हौशी लोकांचा बिनतारी संच) पॉवर सप्लाय गेला, म्हणून हे लिहितोय. शंभर वॅटचा रिग (रेडिओ संच), १३.८ व्होल्टचा एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय), गच्चीवर डायपोल अँटेना. आठ महिने रोज सकाळी पुण्याहून ७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे चाळीस मीटरच्या बँडवर, एएम (आवाजानुसार रेडिओलहरीची उंची बदलणारी पद्धत). समोर बहुतेकदा सोलापूरचे एक ज्येष्ठ मित्र.

पहिल्याच आठवड्यात मी कॅरिअर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) ६० वॅटवर ठेवला होता. त्यांनी लगेच सांगितलं, "आवाज फाटतोय, शेजारच्या फ्रिक्वेन्सींपर्यंत पसरताय." पूर्ण मॉड्युलेशनला (आवाज कॅरिअरवर पूर्ण चढला की) पीक पॉवर कॅरिअरच्या चौपट होते. शंभर वॅटच्या रिगवर २५ वॅटच्या पुढे जायचंच नाही. नॉब खाली आणला आणि तो प्रश्न मिटला.

भुणभुण मात्र मिटेना. "अहो, तुमच्या बोलण्यामागं भुंगा फिरतोय," हे मी सहा महिने ऐकलं. एसएसबीत (कॅरिअर न पाठवता आवाजाची एकच बाजू पाठवणारी पद्धत) तुम्ही थांबलात की काहीच जात नाही. एएमला कॅरिअर सतत चालू, त्यामुळे दोन शब्दांमधल्या शांततेतही सप्लायची घरघर समोरच्याला ऐकू जाते. माइकची केबल बदलली, अर्थिंग नव्यानं केलं, फेराइट (गोंगाट अडवणारे मणी) चढवले. सप्लाय दोनदा दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं मल्टिमीटर लावला, "१३.८ बरोबर आहे, रिग बघा" म्हणाला आणि दोन्ही वेळा ४०० रुपये घेतले. डीसीवर लावलेला मीटर सरासरीच दाखवणार, रिपल (डीसीवरचा चढउतार) कुठून दिसणार? याचा राग अजून गेलेला नाही.

परवा सप्लाय बंदच पडला, तेव्हा स्वतः उघडला (आतला चार्ज आधी उतरवूनच). मेनच्या बाजूच्या मोठ्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं, बुडाशी तपकिरी डाग. आपली ५० हर्ट्झची वीज रेक्टिफाय होऊन (एसीची डीसी होताना) तिचा चढउतार १०० हर्ट्झ होतो, भुंगा तोच होता. कपॅसिटर आणि फ्यूज मिळून १८० रुपये.

माझं मत इथं बदललं. एएम म्हणजे उधळपट्टी, असं मी सगळ्यांना सांगत होतो. पूर्ण मॉड्युलेशनलाही दोन तृतीयांश पॉवर नुसत्या कॅरिअरमध्ये जाते, बँडविड्थ (बँडवर व्यापलेली जागा) एसएसबीच्या दुप्पट. ते आजही खरंच आहे. पण एसएसबीवर हा सप्लाय मरेपर्यंत कुणाला कळलं नसतं.

रात्री लांबच्या स्टेशनसाठी एएम लावू नका. फेडिंगमध्ये (सिग्नल कमी-जास्त होताना) कॅरिअर साइडबँडपेक्षा (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंचा, आवाज असलेला भाग) जास्त बुडाला की शब्द चिरडले जातात. सकाळी सोलापूर मात्र समोर बसल्यासारखं. आज त्यांच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी ऐकली, आणि शिट्टीनंतरची शांतता स्वच्छ होती. "भुंगा गेला हो," ते म्हणाले.