तीन ब्रांच, ५४ गाड्या आणि एक ॲप: नऊ महिने वापरल्यानंतर

भाड्याच्या गाड्यांचं बुकिंग सांभाळणारं हे ॲप मागच्या जूनमध्ये घेतलं, आता मार्च आलाय, म्हणजे मध्ये एक अख्खा पाऊस, एक चवथ (म्हणजे आमचे गणपती), एक डिसेंबर आणि एक कार्निव्हल येऊन गेलं, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. घेतल्यावर आठ दिवसांत पाच स्टार देणाऱ्यांचं मला कौतुकच वाटतं, अरे तुमच्याकडे अजून एक तरी गाडी उशिरा परत आलीय का? ॲपचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि त्यांच्या सपोर्टवाल्याशी माझं अजून रोजचं बोलणं आहे.

आमचं थोडक्यात सांगतो. गोव्यात रेंट-अ-बाईक. बाबांनी सुरू केलं तेव्हा मोजून ५ गाड्या होत्या, कारण १९९७ च्या रेंट अ मोटारसायकल स्कीममध्ये लायसन्सला कमीत कमी तेवढ्या लागतात. आता ५४ आहेत, ४६ स्कूटर आणि ८ बाईक, सगळ्या काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या. ब्रांच तीन, म्हापसा मेन, मग थिवी स्टेशनबाहेर आणि मडगाव स्टेशनबाहेर. ब्रांच म्हटलं म्हणून फार काही डोळ्यापुढे आणू नका, थिवीला एक गाळा, एक टेबल, एक पोरगा आणि हेल्मेटांचा ढीग.

आधी सगळं वही आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर चालायचं. ग्रुपवर दिवसभर हेच, "मडगाव किती?" "६" "सहात ती पंक्चरवाली धरली का?" "हो धरली" "मग ५ सांग ना रे". एका ब्रांचला चालतं हे. तीन झाल्या की ज्याने विचारलं त्याला उत्तर मिळेपर्यंत उत्तर बदललेलं असतं.

आणि आमच्या धंद्यात गाड्या एका जागी राहतच नाहीत. मुंबई-पुण्याची माणसं थिवीला उतरतात कारण कळंगुट-बागा तिथून जवळ, तीन दिवस फिरतात, मग शेवटच्या दिवशी दक्षिण बघून मडगावलाच गाडी सोडतात आणि तिथून ट्रेन पकडतात, कारण मडगावला जास्त ट्रेन थांबतात. उलटं करणारे फार कमी. म्हणजे रविवारी रात्री मडगावला गाड्या लावायला जागा नाही आणि सोमवारी सकाळी कोकणकन्या थिवीला लागते तेव्हा तिथे तीन स्कूटर, त्यातल्या एकीचा आरसा तुटलेला. गाड्या कमी म्हणून आमचं अडलंय असं क्वचितच झालं, गाडी आहे पण तिथे नाही हेच नेहमीचं.

ॲपने पहिला फरक इथेच पडला. प्रत्येक गाडीला एक होम ब्रांच आणि एक आत्ता-आहे ब्रांच, आणि बुकिंग घेतानाच ड्रॉप कुठे ते विचारतं. त्यामुळे पुढच्या रविवारी मडगावला किती गाड्या साठणार हे बुधवारीच दिसतं. दिसल्यावर काय करायचं ते आपलं आपण. आम्ही पहिल्यांदा वन-वे ड्रॉपचे ३०० घ्यायचो ते शनिवार-रविवार मडगाव ड्रॉपसाठी ५०० केले आणि थिवीला परत आणली तर एक हेल्मेट फ्री. हेल्मेटचं कोणाला काही पडलेलं नाही, पण ५०० रुपये वाचतात म्हटल्यावर काही लोक थिवीचं परतीचं तिकीट काढायला लागले हे खरं. उरलेल्या गाड्या न्यायला छोटा हत्ती सांगतो, एका फेरीत जमतात तेवढ्या. पोरांनी चालवत न्यायच्या म्हटलं तर मडगाव ते म्हापसा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, प्रत्येक गाडीला एक माणूस, वर त्यांना परत आणायचं कसं हा वेगळाच प्रश्न. टेम्पोत चढवलेल्या गाड्यांना ॲपमध्ये "वाटेत" असं स्टेटस आहे, ते चालू असेपर्यंत ती गाडी कुठल्याच ब्रांचला रिकामी दिसत नाही. साधी गोष्ट आहे पण वहीत हे कधी जमलं नाही, वहीत गाडी मडगावची खोडली की लगेच थिवीची व्हायची आणि प्रत्यक्षात ती झुआरी पुलावर.

आता जरा त्या बुकिंगच्या पट्ट्यांबद्दल, कारण इथे मी स्वतः कित्येक महिने चुकीचं करत होतो आणि कोणी सांगितलंच नाही. कॅलेंडरवर प्रत्येक गाडीची एक ओळ, आणि बुकिंग म्हणजे त्या ओळीवर रंगीत पट्टी. दिसायला फार छान. मी काय करायचो, बुकिंग आलं की लगेच त्याला गाडी नंबर देऊन टाकायचो, मनाला समाधान की हो हिची सोय झाली. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक फॅमिली चार दिवसांसाठी दोन स्कूटर मागते, ॲप म्हणतं नाही. मी बघतो तर रोज तीन-चार गाड्या मोकळ्या आहेत! मग कळलं, मोकळ्या आहेत पण काहींना फक्त सोमवार मोकळा, काहींना मंगळवार-बुधवार, काहींना गुरुवार. सलग चार दिवस कोणालाच नाही. एसटीत एकेक सीट इथे-तिथे रिकामी असते आणि चौघांच्या कुटुंबाला एकत्र बसायला जागा नसते, तसंच. एका आठवड्यात अशी आठ-नऊ गिऱ्हाइकं मी परत पाठवली असतील, गाड्या असून.

उपाय ॲपमध्येच होता, बुकिंग फक्त "स्कूटर, थिवी" एवढ्यावरच ठेवायचं आणि नंबर किल्ली हातात देताना लावायचा. मग ॲप फक्त मोजतं, त्या ब्रांचला त्या वेळी किती असणार, किती जाणार, किती येणार, किती गॅरेजला. आणि ज्यांना नंबर दिलेत त्यांच्यासाठी एक बटण आहे, ते पट्ट्या आपोआप सरकवून पोकळ्या बुजवतं. डेमोच्या वेळी त्या मुलाने लोगोचा रंग कसा बदलायचा यावर वीस मिनिटं घालवली आणि हे बटण दाखवलंच नाही. अपवाद बाईकचा. ज्याला तीच पाहिजे त्याला तीच पाहिजे, त्या आठ गाड्यांना मी अजूनही नंबर आधीच लावतो.

बफर. एक गाडी परत आली की दुसऱ्याला देईपर्यंत किती वेळ धरायचा ते. सुरुवातीला तिन्ही ब्रांचला मिळून एकच बफर ठेवता यायचा, ६० मिनिटं. म्हापशाला धुवायला पाणी, प्रेशर पंप, दोन पोरं, तिथे अर्धा तास पुरतो. थिवीला पावसात लाल चिखलाने माखलेली स्कूटर बादली आणि फडक्याने साफ करायची, तिथे दीड तास पण कमी. मी जुलैपासून मागे लागलो होतो, ऑक्टोबरच्या अपडेटमध्ये ब्रांचवार बफर आला. आला हे महत्त्वाचं, म्हणून या एका बाबतीत त्यांना पूर्ण मार्क.

पण बफर वेळेवर येणाऱ्यांसाठी. उशिरा येणाऱ्यांचं काय? ठरलेल्या वेळेला गाडी परत आली नाही तर ॲप पट्टी लाल करतं आणि बस. पुढच्या बुकिंगवाल्याला गाडी मिळणार नाही हे ते सांगत नाही, पुढची पट्टी आपली हिरवीच. माझ्या मते हे सगळ्यात मोठं न्यून आहे. २८ डिसेंबरला हेच झालं. मडगावच्या पोराला दक्षिणेतल्या पाळोळे बीचवरून गिऱ्हाइकाचा फोन, "भाई एक दिवस एक्स्टेंड करायचंय", पोरगा म्हणाला चालेल, पैसे पण यूपीआयवर घेतले, मला सांगितलं नाही आणि ॲपमध्ये टाकलं नाही. अशा एक नाही तीन गाड्या! ॲपच्या हिशेबाने सकाळी मडगावला ७ स्कूटर, म्हणून रात्री मी ऑनलाइनवर सातही सोडल्या आणि सातही गेल्या. सकाळी खिळ्यांवर किल्ल्या चार. वाचलो ते फक्त ट्रेन लेट होती म्हणून, तेवढ्यात मेव्हणा आणि दोन पोरं म्हापशाहून तीन स्कूटर पळवत मडगावला पोचली. कोकण रेल्वे लेट झाली म्हणून देवाला नारळ ठेवणारा मी पहिलाच असेन.

त्या रात्री पोरावर चिडलो होतो खरा, पण नंतर ॲपमध्ये एक्स्टेंड करून बघितलं तर पाच स्क्रीन आहेत. पाच! समोर हेल्मेट मागणारा उभा, फोनवर पाळोळेवाला, आणि हा कुठे पाच स्क्रीन भरत बसणार. सपोर्टला सांगितलं, ते म्हणाले नोंद घेतली आहे. अजून नोंदच आहे.

तेव्हापासून रात्री नऊला एक नियम. तिन्ही ब्रांचने किल्ल्यांच्या पाटीचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि मी तो ॲपमधल्या आकड्याशी जुळवतो. हो, तोच व्हॉट्सॲप ग्रुप, जो बंद करायला ॲप घेतलं होतं. पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीन गाड्यांचा फरक यायचा, आता आठवड्यातून एखाद दिवस. ॲपला गाडी माहीत नसते हो, त्याला फक्त कोणीतरी केलेली एंट्री माहीत असते. खिळ्यावर किल्ली असेल तर गाडी आहे.

थिवीला नेटवर्क म्हणजे कृपा झाली तर. ऑफलाइन मोड आहे, पण त्याची गंमत अशी की जो फोन शेवटी सिंक होईल त्याचं खरं. एकदा पोराने ८:४० ला ऑफलाइन गाडी दिली, मी इकडून ८:५५ ला तीच गाडी मडगावला ट्रान्सफर टाकली, सव्वानऊला त्याचा फोन सिंक झाला आणि माझी ट्रान्सफर गायब, कुठे नोंद नाही, काही नाही. निदान एक सूचना तरी द्यायची ना की दोघांनी एकाच गाडीला हात लावलाय. आता थिवीच्या गाड्यांना मी इथून हात लावत नाही, पोराला फोन करून त्यालाच करायला सांगतो.

चवथीचं पण सांगतो, कारण ते गोव्याबाहेरच्या माणसाला सुचणारच नाही. चवथीला पोरं गावी जाणार म्हणजे जाणार, थिवी दीड दिवस बंद. ॲपमध्ये सुट्टी टाकली की त्या दिवशीचे पिकअप बंद होतात, पण ज्यांची परत यायची तारीख त्या दिवशी पडते त्यांना कोणी अडवत नाही. बंद शटरसमोर एक नागपूरचं जोडपं किल्ली हातात घेऊन उभं, ट्रेनला चाळीस मिनिटं. शेवटी शेजारच्या चहावाल्याकडे किल्ली ठेवा म्हटलं, डिपॉझिट फोनवरून परत केलं, गाडीला ओरखडा आहे का ते चहावाल्यानेच बघितलं. बाकी दोन-तीन दिवस सगळ्यांच्या घरी गणपती असल्यामुळे कोणी तक्रार करत नाही.

आणि ट्रेनच्या वेळा. पावसाळी वेळापत्रक लागलं की कोकण रेल्वेच्या गाड्या हळू धावतात, वेळा बदलतात, पण बुकिंग करताना लोक जुनीच वेळ डोक्यात धरून पिकअप टाकतात. आता मी ट्रेन नंबर विचारायचा एक जादा रकाना फॉर्ममध्ये घातलाय, ॲप त्याचं काही करत नाही पण निदान माणूस कुठे अडकलाय ते पोरगा बघू शकतो आणि गाडी दुसऱ्याला देऊन टाकत नाही. मोपा विमानतळावर उतरणाऱ्यांचं तसंच, २०२३ च्या जानेवारीत विमानं सुरू झाल्यापासून म्हापशाला ते गिऱ्हाईक वाढलंय, कदंबाची (गोव्याची सरकारी) बस पकडून येतात, फ्लाइट लेट तर सगळंच लेट. मोपा ही चौथी ब्रांच म्हणून टाकू का विचारलं तर म्हणाले ब्रांचमागे वेगळे पैसे. मग राहू दे.

पैशाचं म्हणाल तर गाडीमागे महिन्याला ८५ रुपये, म्हणजे ५४ गाड्यांचे साडेचार हजार प्लस जीएसटी, ब्रांच दोन फ्री, तिसरीचे जादा. गॅरेजला महिनाभर पडलेल्या गाडीचे पण ८५. ऑनलाइन पेमेंट पेंडिंग राहिलं तर गाडी १५ मिनिटं अडकून राहते, सीझनला ते मी ७ वर आणलंय, पण मग कधीकधी गिऱ्हाइकाचे पैसे कटतात आणि बुकिंग मात्र होत नाही आणि तो फोनवर आमच्यावर भडकतो. यावर धड उत्तर मला सापडलेलं नाही, कोणाला सापडलं असेल तर सांगा.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. इन्शुरन्स, पीयूसी, फिटनेस यातलं काही संपत आलं की ॲप त्या तारखेनंतर ती गाडी आपोआप उपलब्धतेतून काढून टाकतं. ऑगस्टमध्ये एकदम सहा गाड्या गायब झाल्या, मी सपोर्टला शिव्या घालायला फोन उचलला आणि मग बघितलं, सहाच्या सहा एकाच दिवशी घेतलेल्या, इन्शुरन्स एकाच दिवशी संपत होता. फोन तसाच खाली ठेवला.

रिन्यूअल जूनमध्ये आहे. घेणार आहे, पण वर्षाचं नाही, सहा महिन्यांचं, डिसेंबरच्या आत ती लाल पट्टी पुढच्या बुकिंगला धक्का द्यायला शिकते का ते बघतो. बाबांना विचारलं तुम्हाला काय वाटतं, ते म्हणाले चांगलं आहे की, आणि वहीत मडगावच्या रकान्यात ९ लिहिलं. ॲपमध्ये ८ होते. रात्री फोटो आला, किल्ल्या ९.