गुलमर्गचं हॉटेल : दोन मोसम, सात रात्री आणि ओले बूट

परवा हॉटेलकडून व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या मोसमाचं दरपत्रक आलं. खाली प्रेमळ आठवण : ‘तुमच्या नावावर क्रेडिट नोट शिल्लक आहे.’ म्हणजे पुढच्या मुक्कामात वळते होणारे पैसे. ते वाचून डोकं फिरलं आणि हे लिहायला बसलो. खरं तर मार्चमध्येच लिहिणार होतो. पण एप्रिल 2025 मध्ये पहलगामला पर्यटकांवर दहशतवादी हल्ला झाला, त्यानंतर काश्मीरमधल्या हॉटेलच्या हीटरबद्दल कुरकुर करणं बरं दिसेना. आता लोक पुन्हा डिसेंबर-जानेवारीची बुकिंगं विचारायला लागलेत, म्हणून लिहितो.

हॉटेलचं नाव घेत नाही. गोंडोलापासून, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारपासून, ‘पाच मिनिटांवर’ आहे असं ते म्हणतात. बर्फात स्की खांद्यावर घेऊन चालायला लागलात की पंधरा. पायथ्याच्या टंगमर्गला चाकांना साखळ्या लावलेली गाडी का घ्यावी लागते, गोंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन का काढायची, हे तुम्हाला माहीत असेलच. मी हॉटेलबद्दलच बोलणार आहे, आणि हॉटेलमधल्याही मुख्यतः एकाच गोष्टीबद्दल. बूट.

पहिल्यांदा गेलो फेब्रुवारी 2023 मध्ये. चार रात्री, 12,500 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे रात्रीचे 14,750. एकूण 59,000. एवढ्या पैशांत माझ्या आईवडिलांनी अख्खं काश्मीर दोनदा पाहिलं असतं, पण ते असो. मी आणि बायको, आम्ही दोघंही स्की शिकायला गेलो होतो, भाड्याचे बूट घालून. दिवसभर पडत-उठत शिकायचं, संध्याकाळी बूट दुकानात परत. ते कुबट, ओले असायचे, पण तो दुकानदाराचा प्रश्न होता. आमच्या तक्रारी नेहमीच्याच : लॉबीपुरतं वायफाय, रोज तेच पनीर आणि तीच पिवळी डाळ, टोमॅटो घातलेले पोहे. (महाराष्ट्रातून एवढ्या टूर येतात म्हणून पोहे ठेवतात, हे कौतुकच. पण टोमॅटो?)

आणि हीटिंग. वेबसाइटवर ‘24 तास सेंट्रल हीटिंग’. प्रत्यक्षात संध्याकाळी सात ते अकरा आणि सकाळी सहा ते नऊ. विचारलं तर म्हणाले, बॉयलर बंद केला तरी पाइप गरम राहतात, साहेब. रात्री दोनला मी उठून रेडिएटरला हात लावला. माझी पाण्याची बाटली त्याच्यापेक्षा गरम होती. जास्तीचा हीटर हवा असेल तर रात्रीचे 500 वेगळे. गादीखालचं इलेक्ट्रिक ब्लँकेट मात्र चांगलं होतं. चार रात्री आम्ही त्याच्यावरच काढल्या, कढईत ठेवल्यासारख्या : खालून भाजलेले, वरून गार.

तरीही निघताना मॅनेजर इतका गोड बोलला की मी विरघळलो. मी त्याला म्हटलं होतं, पुढच्या वेळी आमचे स्वतःचे बूट असतील, वाळवायला जागा आहे का? तो म्हणाला, ‘अगले सीझन तक स्की रूम बन जाएगा, जनाब.’ मी विश्वास ठेवला. शिवाय ओळखीचं हॉटेल, निदान दुःखं तरी ओळखीची. जानेवारी 2024 च्या तीन रात्री लगेच ठरवून टाकल्या. दर 14,500 झाला होता, करासकट तीन रात्रींचे 51,330. निम्मे आगाऊ भरले, 25,665. हा आकडा लक्षात ठेवा.

मधल्या काळात म्युनिकला असलेल्या भाच्याने त्याच्या मित्राचे आणि मित्राच्या बायकोचे वापरलेले बूट आम्हाला आणून दिले. ज्यांनी स्कीचे बूट जवळून पाहिले नाहीत त्यांच्यासाठी : बाहेर कडक प्लास्टिकचं कवच, त्यावर चार बकला, आणि आत फोमचा जाड मोजा असावा तसा लायनर. बर्फ वरून शिरतो, घाम आतून येतो, आणि संध्याकाळपर्यंत तो लायनर पिळून काढता येईल इतका ओला होतो. तो रात्रीत वाळला नाही, तर सकाळी कवच दगडासारखं कडक आणि आत थंडगार लगदा. पाय आत जात नाही, गेलाच तर बोटं बधिर होतात. आणि थेट आगीजवळ ठेवून चालत नाही, प्लास्टिकचा आकार बिघडतो. भाचा म्हणतो, ऑस्ट्रियात साध्या घरगुती लॉजमध्येही तळघरात गरम दांडे असतात, त्यावर बूट उलटे खोचून ठेवायचे, सकाळी कोरडे. त्याने फोटो पाठवला. तो फोटो मी पुढे फार लोकांना दाखवला.

जानेवारी 2024 मध्ये काय झालं ते आठवत असेल. ऐन चिल्लईकलानमध्ये, म्हणजे काश्मीरच्या सगळ्यात कडक थंडीच्या चाळीस दिवसांत, गुलमर्गला बर्फच नाही. मैदान तपकिरी, त्यावर घोडे फिरताहेत, आणि तेच व्हिडिओ सगळीकडे. मी जायच्या नऊ दिवस आधी रद्द करायला फोन केला. पैसे परत नाहीत. ‘बर्फ हमारे हाथ में नहीं है, सर.’ तसं बघितलं तर बरोबरच आहे, बुकिंगच्या अटींत बर्फाचा उल्लेख नव्हता. दोन दिवस भांडल्यावर क्रेडिट नोट मिळाली : 25,665 रुपये, मुदत 28 फेब्रुवारी 2025.

तर दुसऱ्यांदा आम्ही गेलो ते त्या कागदासाठी. बायको म्हणत होती, सोडून दे. मी सोडणारा नाही.

2025 ला पुन्हा तीच गत. फेब्रुवारी अर्धा संपला तरी बर्फ पुरेसा नाही, खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धासुद्धा पुढे ढकलल्या. मी नोट वाया जाऊ नये म्हणून अगदी कडेच्या तारखा घेतल्या, 25 ते 28. तेव्हा कळलं की नोट फक्त छापील दरावर चालते. छापील दर 17,500, तीन रात्रींचे करासकट 61,950. त्याच दिवशी, तीच खोली, बुकिंगच्या अ‍ॅपवर 15,200 ला. म्हणजे करासकट 53,808. फरक 8,142 रुपये. थोडक्यात, माझी 25,665 ची नोट खरी 17,523 ची होती. हा हिशेब मी काउंटरवर कागदावर मांडून दाखवला. काउंटरवरच्या मुलाने शांतपणे वाचला, गोड हसला आणि म्हणाला, ‘ओटीपी बताइए.’ ओटीपी बायकोच्या नंबरवर येणार होता आणि तिचं सिम प्रीपेड. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिकडे चालत नाही. माझं पोस्टपेड चालतं, पण बुकिंग तिच्या नावावर. यात पाऊण तास गेला.

मग मी स्की रूम विचारली. आहे म्हणाले! तळमजल्यावर खरोखर दार, दारावर पाटी. दार उघडलं तर आत लग्नाच्या मांडवातल्या असतात तशा प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्प्या, एक बंद पडलेला फ्रीझर, आणि नळाला गोठून लटकलेली बर्फाची बोटभर कांडी. बूट वाळवायच्या खोलीत. मी तिचा फोटो काढला आणि भाच्याला पाठवला. त्याने उत्तरात नुसते हसणारे चेहरे पाठवले.

25 च्या रात्री बर्फ पडायला लागला. हे मात्र कबूल केलं पाहिजे, असा बर्फ मी पाहिला नव्हता. सकाळी खिडकीची खालची काच दिसेना. गोंडोलाचा वरचा टप्पा बंद, पण आम्हा शिकाऊंना त्याच्याशी काय देणंघेणं. खालच्या उतारांवर गुडघाभर भुसभुशीत बर्फात दिवसभर खेळलो. मी सलग सतरा वळणं न पडता घेतली. अठराव्याला पडलो, तोंड बर्फात, आणि तसाच हसत पडून राहिलो. पन्नाशीच्या माणसाला एवढा आनंद फुकट मिळत नाही, हे मला मान्य आहे.

संध्याकाळी चारही बूट लिबलिबीत. आणि बर्फामुळे वीज गेली. जनरेटर आला, पण त्यावर इलेक्ट्रिक ब्लँकेट चालत नाही आणि हीटिंग ‘थोड्या वेळात’. पहिल्या रात्री कोरडे असतानाच मी हेअर ड्रायर लावून बघितला होता, तर मजल्याचा एमसीबी उडाला होता, त्यामुळे तो मार्गही बंद. वर्तमानपत्र कोंबावं तर हॉटेलात वर्तमानपत्र येत नाही, रस्ता बंद. शेवटी मी चारही लायनर काढून आमच्या दोघांच्या मध्ये रजईत ठेवले. बायकोने एक मिनिट माझ्याकडे पाहिलं आणि रिसेप्शनला फोन लावला.

वर आला तो रूमबॉय. बॉय कसला, चाळिशीचा माणूस, टंगमर्गकडचा, फेरनमध्ये, म्हणजे सैल काश्मिरी अंगरख्यात, निखाऱ्यांची कांगडी घेतलेला. त्याने लायनर पाहिले, वास घेतला, काही न बोलता चारही उचलले आणि आम्हाला म्हणाला, ‘आप भी आ जाइए, यहाँ ठंड में क्यों बैठे हैं.’

स्वयंपाकघरामागून एक अरुंद जिना उतरून स्टाफची खोली. मध्यभागी पत्र्याची बुखारी, लाकडं आत धडधडताहेत, धुराडं खिडकीतून बाहेर. वर तारेवर सगळ्यांचे मोजे, मफलर, एक फेरन. त्याने आमचे लायनर त्या तारेला कपड्याच्या चिमट्यांनी उलटे टांगले, आगीपासून हातभर दूर, आणि कवचं भिंतीशी उभी केली, बकला उघड्या. मी सांगायच्या आधी. तिथे सहासात जण बसले होते, सरकून जागा केली. नून चहा दिला, गुलाबी, खारट, सोबत गिरदा, म्हणजे तिकडची रोटी. चहा मला अजिबात आवडला नाही, दोन पेले प्यालो. रात्रीचे 20,650 भरलेल्या हॉटेलातली एकमेव उबदार खोली पगारदार लोकांनी स्वतःसाठी लाकडं आणून तापवली होती.

तिथे बसल्यावर माझं मत थोडं बदललं. दोन वर्षं मी धरून चाललो होतो की हे लोक फसवतात. तसं पूर्ण खरं नाही. गुलमर्गला राहणारे बहुतेक लोक एक रात्र येतात, टंगमर्गला भाड्याने घेतलेले गमबूट आणि लांब कोट घालून फोटो काढतात, आणि जाताना परत करतात. त्यांचे बूट हॉटेलात वाळत घालायची वेळच येत नाही. त्या अख्ख्या हॉटेलात स्वतःचे बूट आणलेली माणसं आम्ही दोघंच होतो. हॉटेलं मोजकी, बर्फाचे दिवस मोजके, डिझेलही खालून वर न्यायचं, दोन जानेवारी कोरडे गेलेले. दर वाढणार. एवढं समजू शकतो. पण इथे 1968 पासून स्की शिकवणारी सरकारी संस्था आहे, गोंडोलाचा पहिला टप्पा 1998 चा, दुसरा 2005 चा. स्कीवाले काही काल आले नाहीत. दोन दांडे आणि एक पंखा लागतो हो, बाकी काही नाही. खुर्च्या हलवा आणि लावा.

सकाळी बूट कोरडे होते. कोरडे आणि गरम. पाय आत गेला तेव्हा ‘खट्’ असा आवाज झाला, तो आवाज ऐकून बायकोने डोळे मिटले.

28 ला बिल आलं. खोलीचे पैसे वजा नोट, बरोबर. त्याखाली ‘लॉन्ड्री, 2 जोड, 600’. कसली लॉन्ड्री? ‘शूज ड्राइंग, सर.’ म्हणजे त्या माणसाने आपल्या बुखारीवर जे केलं त्याचे पैसे हॉटेल लावणार. मी म्हटलं, देतो, पण त्याच्या हातात देतो. मॅनेजर आला, तोच, गोड. मी त्याला ऑस्ट्रियाचा फोटो दाखवला, स्की रूमचा फोटो दाखवला, 8,142 चा कागद पुन्हा काढला. बाहेर साखळ्यांची गाडी हॉर्न देत होती. अखेर बिलातून 600 कमी केले. ते मी मागच्या जिन्याने खाली जाऊन द्यायला गेलो, तर तो माणूस घेईना. बायकोने ते बुखारीशेजारच्या चहाच्या डब्याखाली सरकवले.

वर आलो तोवर मॅनेजरने ‘झालेल्या गैरसोयीबद्दल’ एक पाकीट तयार ठेवलं होतं. पाच हजारांची क्रेडिट नोट. छापील दरावर. मुदत फेब्रुवारी 2026.