आदाशाच्या गणपतीला नवसाचे पानगे : मावशी-काकांच्या स्वयंपाकाचा अनुभव

नातवाचा मोडलेला पाय बरा झाला की आदाशाच्या गणपतीला पानग्यांचा (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा) स्वयंपाक करीन, असं सासूबाई बोलून बसल्या होत्या. या पौषातल्या दुसऱ्या मंगळवारी तो नवस फेडला. माणसं ३५. एवढ्यांचे पानगे घरून करून नेणं शक्यच नव्हतं. आदाशातच स्वयंपाक करून देणाऱ्या एका मावशी-काकांना सांगितलं. शिधा आपला, गोवऱ्या, गंज-कढया आणि मेहनत त्यांची. आमचे ३,००० रुपये झाले.

नागपूरहून आदासा जवळपास ४० किलोमीटर. वाटेत धापेवाड्याला थांबलोच, कारण तिथल्या चंद्रभागा नदीकाठच्या विठोबाला हात जोडल्याशिवाय सासूबाई पुढे जात नाहीत. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरचा पांडुरंग धापेवाड्याला येतो, ही त्यांची लहानपणापासूनची श्रद्धा.

पौषातला मंगळवार म्हटल्यावर आदाशाला गर्दी असणारच. रांगेत दीड तास गेला, पण तो जड वाटला नाही. बळीकडे जाण्याआधी वामनाने इथे गणपतीची आराधना केली आणि देव शमीच्या झाडातून प्रकटला, म्हणून हा शमी विघ्नेश, ही कथा सासूबाईंनी नातवाला रांगेतच सांगितली. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी हा एक. मूर्ती एकाच दगडातली, सुमारे १२ फूट उंच आणि ७ फूट रुंद, शेंदूर ल्यालेली. समोर गेल्यावर पोरगा मान वर करून नुसता पाहतच राहिला.

दर्शन करून खाली आलो तेव्हा आंब्याखाली गोवऱ्या पेटल्या होत्या. मला भूक लागलेली, मी दोनदा विचारलं. मावशी म्हणाल्या, "आर पडल्याशिवाय पानगा टाकत नाही जी. वरून जळते अन् आतून कच्चा राहते." आर म्हणजे निखारे. आणि खरंच, धूर पूर्ण बसेपर्यंत त्यांनी एकही पानगा आत घातला नाही. कणीक जाडसर दळलेली, ओवा-मीठ आणि तेलाचं मोहन घालून घट्ट भिजवलेली. छोटी पारी लाटायची, तेल लावायचं, दुसऱ्या पारीत गुंडाळायची, मग तिसरीत. असे तीन पदर. गोळा आरात ठेवून वरून गरम राख ओढायची. काका प्रत्येक पानगा काढून फडक्याने राख झटकत आणि दोन्ही तळव्यांत दाबून पाहत. भेग पडून आतून वाफ आली तरच तो टोपल्यात जाई.

मागे शहरातल्या एका केटररने आम्हाला भट्टीत भाजलेले पानगे दिले होते. ते दगडासारखे होते, वरणात भिजतच नव्हते. इथले बोटाने चुरले. वर तूप, तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. नैवेद्याची भाजी मावशींनी आधीच वेगळी काढली होती, कांदा-लसूण न घालता. हे आम्ही सांगितलेलं नव्हतं. त्यांनीच लक्षात ठेवलं. भाजीत मीठ मात्र किंचित जास्त पडलं होतं.

एक गोष्ट मनाला लागली. पळसाच्या पत्रावळी ठरल्या होत्या, आणि आल्या थर्माकोलच्या ताटल्या. राज्यात त्यांच्यावर २०१८ पासून बंदी आहे, आणि देवाच्या दारात जेवून त्यांचा ढीग मागे ठेवायचा हे मला सहन झालं नाही. आम्ही सगळ्या ताटल्या पोत्यात भरून परत आणल्या. मावशींना स्पष्ट सांगितलं; त्यांनी ते मान्य केलं, पत्रावळी लावणाऱ्या बाया आता मिळत नाहीत म्हणाल्या. म्हणून पत्रावळी आपल्याच सोबत न्या. तूपही घरचं न्या, आणि पौषातला मंगळवार किंवा तिळी चतुर्थी हवी असेल तर निदान पंधरा दिवस आधी सांगून ठेवा. जेवणाला उशीर होईल हे मुलांना आधीच सांगून ठेवा. आमची पंगत पावणेतीनला बसली.

उरलेले सात पानगे मावशींनी फडक्यात बांधून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी एक दुधात चुरून नातवाला भरवला, आणि उरलेले शेजारी वाटून आल्या.