एसएसएच, टीमक्स की मॉश? आधी पाहा बंद काय पडते, नेट का मशीन

नागपुरात बसून मुंबईच्या नाही तं अमेरिकेच्या सर्व्हरवर काम करणारे आता परसोडीच्या आयटी पार्कपासून मिहानपर्यंत भरपूर झालेत, आणि नवीन आलेला पोरगा कधी ना कधी विचारतेच की दादा, साधं एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर कमांड टाइप करून काम करायचं सुरक्षित कनेक्शन) पुरते का त्याच्या जागी मॉश टाकू, आणि हे टीमक्स काय भानगड आहे. मी आधी उलटं विचारतो: तुमचं बंद काय पडते, नेट का मशीन? त्यावरच सगळं आहे.

दोन गोष्टी आधीच बाजूला काढू. टेलनेट, म्हणजे एसएसएचच्या आधीची जुनी पद्धत, नको, त्यात पासवर्डासकट सगळं उघड्यावर जाते. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या टेक्नॉलॉजी युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कोणीतरी असेच पासवर्ड टिपले, म्हणून तर तिथल्या तातू इलोनेननं एसएसएच लिहिलं. दुसरं, विंडोज सर्व्हरवर माऊसनंच काम करायचं असेल तं रिमोट डेस्कटॉप घ्या, फक्त त्याचा ३३८९ पोर्ट (सर्व्हरचा आत यायचा नंबरवाला दरवाजा) साऱ्या जगाला उघडा ठेवू नका, व्हीपीएनच्या, म्हणजे खाजगी नेटवर्कच्या, आत ठेवा.

आता साधं एसएसएच. म्हणजे बहुतेक ठिकाणी ओपनएसएसएच, १९९९ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांनी काढलेलं, लिनक्स आणि मॅकवर असतेच, विंडोज १० मध्येही २०१८ पासून येते, त्यामुळे पुट्टीसारखं वेगळं सॉफ्टवेअर टाकायची गरज राहिली नाही. पोर्ट २२, एक ईडी२५५१९ वाली की (पासवर्डाऐवजी चालणारी किल्लीची फाइल) बनवा, पासवर्ड लॉगिन बंद करा, झालं. ऑफिसातली वायरवाली लाइन आणि सर्व्हर मुंबईत असेल तं याच्यापुढे काही लागत नाही, उगाच डोकं लावू नका.

भानगड होते ती हलत्या नेटवर. एसएसएच टीसीपीवर (नेटवर डेटा पाठवायची एक पद्धत) चालते आणि टीसीपीचं कनेक्शन आयपी पत्त्याला, म्हणजे तुमच्या मशीनच्या नेटवरच्या पत्त्याला, बांधलेलं असते. संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसमध्ये मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसलात, गाडी अजनी सोडून बुटीबोरीच्या पुढे गेली, सिग्नल गेला, आला तेव्हा आयपी बदललेला, आणि स्क्रीन जी थिजते ती थिजतेच, कंट्रोल सी दाबून काही होत नाही. (त्या वेळी एंटर, मग टिल्ड, मग टिंब, असं ओळीनं दाबा, अडकलेलं एसएसएच तिथल्या तिथं बंद होते. हे बऱ्याच जुन्या लोकांनाही माहीत नसते, ते आख्खी खिडकी बंद करतात.) स्क्रीन थिजली याचं एवढं काही नाही, खरा त्रास हा की चालू असलेला डेटाबेसचा इम्पोर्ट सेशनसोबत अर्ध्यात मरते. एसएसएचच्या सेटिंगमध्ये सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल ६० सेकंद ठेवला तं रिकामं बसलेलं कनेक्शन राउटर तोडत नाही, एवढाच त्याचा फायदा, आयपी बदलला की तोही काही करू शकत नाही.

मॉश याच्यासाठीच बनलं. २०१२ मध्ये एमआयटीतून आलं. लॉगिन एसएसएचनंच होते, पुढचं सगळं यूडीपीवर, जे टीसीपीसारखं एका कनेक्शनला बांधलेलं नसते. वायफायवरून मोबाइल डेटावर गेलात, लॅपटॉप मिटवला, रात्री घरी जाऊन उघडला, सेशन तिथंच. दुसरी मजा टायपिंगची: अक्षर सर्व्हरवरून परत यायची वाट न पाहता ते अंदाजानं लगेच दाखवते, नेट हळू असलं की खाली रेघ मारते, म्हणजे हे अजून पक्कं झालं नाही. बनवणाऱ्यांच्या पेपरात अमेरिकेतल्या ३जी नेटवर कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंतचा मधला आकडा एसएसएचला ५०३ मिलीसेकंद होता, मॉशला ५ च्याही आत. अमेरिकेचा सर्व्हर इथून दोनशे मिलीसेकंदांच्या वर पडते, तिथं हा फरक बोटांना कळते. मुंबईच्या सर्व्हरवर नाही कळत.

पण मॉशवर फिदा व्हायच्या आधी हे पाहा. वर स्क्रोल करून जुना आउटपुट दिसत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग (दुसऱ्या प्रोग्रॅमचा डेटा त्याच कनेक्शनमधून नेणं) नाही, म्हणजे डेटाबेसचा टनेल काढायला एसएसएचच लागते, फाइल पाठवायलाही तेच. सर्व्हरवर मॉश टाकावं लागते, यूटीएफ-८ लोकॅल (अक्षरांची सेटिंग) लागते, आणि यूडीपी ६०००० ते ६१००० मधले पोर्ट फायरवॉलमध्ये उघडावे लागतात, तुमचा अ‍ॅडमिन कडक असेल तं तो म्हणते "काऊन?" आणि विषय तिथंच संपते. विंडोजवर सहसा डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) चालवावं लागते.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे मॉश नेट गेलेलं झेलते, मशीन गेलेलं नाही. मे महिन्यात ४५ डिग्रीत दुपारची लाइट गेली, डेस्कटॉपला इन्व्हर्टर नाही, तं ते सेशन सर्व्हरवर अनाथ होऊन पडलेलं असते, त्याला परत जोडताच येत नाही. इथं टीमक्स कामात येते. ते सर्व्हरवरच चालते, तुमचा प्रोग्रॅम त्याच्या पोटात असते, त्यामुळे तुमच्याकडचं काहीही जाऊ द्या, परत लॉगिन करा, अटॅच म्हणा, इम्पोर्ट चालूच दिसते. टीमक्स चालू ठेवून बाहेर पडायचं असेल तं कंट्रोल बी, मग डी. स्क्रोलही आहे. फक्त सर्व्हरच रीस्टार्ट झाला तं टीमक्सही जाते.

म्हणून मला विचाराल तं टीमक्स सगळ्यांनी आजच टाकावं, लॅपटॉपवाले असो का डेस्कटॉपवाले. त्याच्यावर एसएसएच ठेवायचं का मॉश, हे तुम्ही किती फिरता आणि सर्व्हर किती दूर आहे त्यावर. नागपूर-पुणे करणारे, फोनवर टरमक्समधून (अँड्रॉइडवरचं टर्मिनल अ‍ॅप) काम करणारे, यांनी मॉश आणि आत टीमक्स अशी जोडी लावावी. बाकीच्यांनी त्या यूडीपी पोर्टांसाठी अ‍ॅडमिनशी भांडत बसू नये.