एआय वाचतंय म्हणाले, वाचत होती माणसं

आमचं एआय तुमचे कागद वाचून माहिती भरतं, असं सांगणाऱ्या एका सॉफ्टवेअर कंपनीने डेमोच्या दोन दिवस आधी आमच्याकडून वीस नमुना कागद मागून घेतले. ‘सेटअपसाठी लागतात’ म्हणाले. फसवणूक तिथेच सुरू झाली होती, आणि ते वीस कागद मीच निवडून पाठवले होते.

मी फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे ग्राहकांचा माल परदेशी पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या कंपनीत, डॉक्युमेंटेशन सांभाळते. एका शिपमेंटमागे बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती), इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन असे कागद येतात. तोच शिपर (माल पाठवणारा), तोच कन्साइनी (माल घेणारा), तेच वजन प्रत्येक ठिकाणी नव्याने टाईप करावं लागतं. कट-ऑफ, म्हणजे जहाजासाठी कागद देण्याची शेवटची वेळ, जवळ आला की माणसं मान वर न करता टाईप करत बसतात. त्यामुळे ‘पीडीएफ टाका, तीस सेकंदांत सगळी फील्ड भरून मिळतील’ असं कोणी सांगितलं की ऐकावंसं वाटतंच. मलाही वाटलं.

डेमो अप्रतिम झाला. वाकडं स्कॅन केलेला बीएल, शिक्क्याखाली झाकलेला सील नंबर, हाताने खोडून दुरुस्त केलेलं वजन, सगळं बरोबर आलं. आमच्या सरांनी तिथल्या तिथे होकार दिला. शिक्क्याखालचा नंबर माझ्या डोळ्यांनाही नीट दिसत नव्हता, मग मशीनला कसा दिसला, हा प्रश्न मला त्या क्षणी पडायला हवा होता. आता उत्तर माहीत आहे. दोन दिवसांत कोणीतरी त्या वीस कागदांची उत्तरं बसून तयार केली होती. म्हणून पहिली विनंती हीच : डेमोला आधी पाठवलेला एकही कागद वापरू देऊ नका. त्याच सकाळी आलेले कागद घेऊन बसा आणि अपलोडचं बटण स्वतः दाबा.

दुसरी भूल 99 टक्क्यांची. त्यांच्या सादरीकरणात ‘99 टक्के अचूकता’ असं मोठ्या अक्षरांत होतं. कशाच्या 99 टक्के, हे आम्ही विचारलं नाही. अक्षरांच्या, फील्डच्या की पूर्ण कागदांच्या? समजा प्रत्येक फील्ड 99 टक्के वेळा बरोबर येतं आणि एका कागदावर 40 फील्ड आहेत. चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या धरल्या, तर संपूर्ण कागद बिनचूक येण्याची शक्यता साधारण 67 टक्के राहते. म्हणजे दर तीन कागदांमागे एकात काहीतरी चुकलेलं असणार, आणि कुठे चुकलंय ते सांगणारं कोणी नाही. आमच्या कामात एका चुकीच्या आकड्याने कंटेनर अडतो. हा हिशोब कागद-पेन्सिलीने पाच मिनिटांत होतो आणि आम्ही तो करार झाल्यावर केला.

वर्षभराचे पैसे आगाऊ भरले. टायपिंगवरच्या दोघांना दुसऱ्या कामावर घेतलं. पहिले काही आठवडे बरे गेले. मग काही गोष्टी खटकू लागल्या. तीस सेकंदांचं उत्तर कधी दोन मिनिटांत यायचं, कधी चाळीस मिनिटांत. ठरावीक वेळेला रोज गती मंदावायची आणि अर्ध्या तासाने पुन्हा पूर्ववत व्हायची. विचारलं की ‘सर्व्हरवर लोड आहे’. एकदा शेऱ्याच्या रकान्यात दुसरं पान पुसट असून पुन्हा पाठवावं, अशी सूचना आली. तिच्यातली घाई आणि शब्दांची काटछाट माणसाची वाटत होती. तरी मी ते सोडून दिलं.

खरी गोष्ट उघड झाली ती कंटेनर नंबरमुळे, आणि ती आमच्या सर्वांत जुन्या सहकाऱ्यांनी पकडली. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. कंटेनरच्या नंबरात चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक चेक डिजिट असतो, आयएसओ 6346 या मानकाप्रमाणे. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत, प्रत्येक स्थानाला दुपटीने वाढणारा गुणक, त्या गुणाकारांच्या बेरजेला 11 ने भागून उरलेली बाकी तो शेवटचा आकडा. बाकी 10 आली तर 0. शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले की हा चेक डिजिट जवळजवळ प्रत्येक वेळी जुळत नाही. काकांनी महिन्याभराचे न जुळणारे नंबर वेगळे काढले आणि मूळ कागदाशेजारी ठेवले. म्हणाले, ‘‘ताई, हे बघा. मशीन चुकलं असतं तर 8 चा बी झाला असता, शून्याचा ओ झाला असता. इथे 47 चे 74 झालेत. ही बोटांची चूक आहे, डोळ्यांची नाही.’’

त्यांनी तीस वर्षं टायपिंग केलंय. चुकांची जात त्यांना ओळखता येते.

आम्ही मग तपासलं. एकच पॅकिंग लिस्ट तीन वेगवेगळ्या वेळी, तीन वेगळ्या नावांनी टाकली. एआयचं उत्तरही दर वेळी हुबेहूब सारखं येत नाही, हे मान्य, त्यामुळे तेवढ्यावर मी काही ठरवलं नसतं. पण एका उत्तरात कंपनीचं नाव पूर्ण होतं, दुसऱ्यात संक्षिप्त, आणि तिसऱ्यात मालाच्या वर्णनापुढे तीन ओळी वरच्यासारखंच असल्याची टिंबं होती. ज्याला त्याच ओळी पुन्हा लिहायचा कंटाळा आलाय तो माणूसच असं करतो. मग मंद गतीच्या वेळेत आम्ही एकदम पन्नास कागद टाकले. ते एकामागून एक, सारख्या अंतराने, एखाद्या टेबलावरून उचलावेत तसे आले.

कोंडीत पकडल्यावर फोनवर कबुली मिळाली, तीही सजवलेल्या शब्दांत : ‘अवघड कागदांसाठी मानवी साहाय्य घेतलं जातं.’ अवघड किती, या प्रश्नावर गप्प. आमच्या अंदाजाने जवळजवळ सगळेच. असं करणारे हेच पहिले नाहीत. 2025 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत एका शॉपिंग अ‍ॅपच्या संस्थापकावर आरोप ठेवले गेले. खरेदी एआय करतं असं सांगून त्याने गुंतवणूकदारांकडून पैसे उभे केले आणि प्रत्यक्षात ती खरेदी परदेशातली माणसं हाताने करत होती, असा तो आरोप.

माणसं टाईप करतात यात वाईट काही नाही. आमच्याकडेही माणसंच करत होती. पण आमच्या माणसांना कागद कळतो. त्यांच्याकडे बसलेल्यांना कोणी काही शिकवलेलं नव्हतं, हे दोन शिपमेंटने दाखवलं. 1 जुलै 2016 पासून सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराच्या नियमाप्रमाणे भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. त्या वजनात रिकाम्या कंटेनरचं वजनही धरायचं असतं. तिथल्या कोणीतरी पॅकिंग लिस्टवरचं मालाचं ग्रॉस वजन जसंच्या तसं व्हीजीएमच्या जागी टाकलं. वीस फुटी रिकामा कंटेनरच दोन टनांहून जड असतो. काट्यावर तेवढाच फरक निघाला, कंटेनर मागे राहिला, जहाज गेलं.

दुसऱ्यात 480 पेट्यांच्या 840 झाल्या आणि तोच आकडा बीएलवर छापला गेला. माल एलसीवर (लेटर ऑफ क्रेडिट) होता, म्हणजे कागद बरोबर असतील तरच बँक पैसे देणार होती. बँक माल पाहत नाही, फक्त कागद पाहते, आणि यूसीपी 600 या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे कागदांतली माहिती एकमेकींच्या विरोधात जाऊन चालत नाही. बँकेने डिस्क्रिपन्सी, म्हणजे विसंगती, काढून कागद नाकारले. आमच्या ग्राहकाचे पैसे अडकले. तो ग्राहक आमच्यावर विश्वास ठेवून होता, कोणत्याही सॉफ्टवेअरवर नाही. ड्राफ्ट बीएल तपासला होता मीच, पण सहा आठवड्यांत ‘मशीनने वाचलंय’ या समजुतीने माझी नजर सैल पडली होती. त्यांची चूक जितकी खरी, तितकीच ही माझी.

करार उघडला तर नुकसानीची जबाबदारी नाकारणारं कलम होतं : निकाल पडताळून घेणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी. अचूकतेची हमी कुठेच नव्हती, ती फक्त सादरीकरणात होती. आगाऊ पैसे परत मिळाले नाहीत.

पण मला झोप लागू दिली नाही ती वेगळ्याच गोष्टीने. इन्व्हॉइसवर काय असतं? कोण कोणाला, काय, किती दराने विकतो. एखाद्या स्पर्धकाला ग्राहकांची यादी आणि त्यांचे भाव एवढंच तर हवं असतं. ते सगळं आम्ही कित्येक महिने अनोळखी माणसांच्या स्क्रीनवर पाठवत होतो, आणि ग्राहकांना सांगितलं होतं की कागद यंत्राशिवाय कोणी पाहत नाही.

कोणी असं सॉफ्टवेअर घेत असाल, तर लेखी विचारा : आमचा कागद कोणत्या टप्प्यावर माणसाला दिसतो, तो माणूस कोणाच्या नोकरीत आहे, कुठे बसतो, आणि करार संपल्यावर प्रती कधी पुसल्या जातात. आठवडाभर रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशी कागद टाकून प्रत्येकाला लागलेला वेळ लिहून ठेवा. कंटेनर नंबरचा चेक डिजिट स्वतःच्या शीटमध्ये तपासा. विमानाने जाणाऱ्या मालाच्या एअरवे बिलाचाही तपासा, त्याचं गणित आणखी सोपं आहे : पहिले तीन आकडे सोडून पुढच्या सात आकड्यांच्या संख्येला 7 ने भागा, बाकी म्हणजे शेवटचा आकडा. वर्षाचे पैसे आगाऊ भरू नका. आणि खरं एआय असलं तरी एका कागदावरचा एचएस कोड (कस्टम्ससाठीचा मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) मुद्दाम खोडून तो कागद टाकून पाहा. रकाना रिकामा आला तर बरं. शोभेलसा कोड भरून आला तर तेही तितकंच धोक्याचं.

टायपिंगवरचे दोघं परत आपल्या टेबलांवर आलेत. ज्या ग्राहकांचे कागद बाहेर गेले त्या प्रत्येकाला मी स्वतः फोन केला आणि कोणकोणते कागद गेले ते सांगितलं. दोघांनी काम काढून घेतलं, आणि मला त्यांना दोष देता आला नाही. प्रती पुसल्याचं लेखी पत्र आम्ही तीनदा मागितलं आहे. ते अजून आलेलं नाही.